बी तिखट नसतं

अदाउतो, तुला वाटतं मी इथं औषध करते.
मी मिरच्या चिरते.
कांपुसच्या बाजारात शनिवारी, उठायच्या वेळेला,
दोना ज़ेनाइदेकडच्या सुरकुतलेल्या, अर्ध्या भावाच्या.
"एवढ्या खाऊ घातल्यास म्हणून नवरा पळाला तुझा,"
ती दर वेळी म्हणते, आणि मूठभर वर टाकते.

हातमोजे घालून, चाकूच्या टोकानं
पांढरा गाभा एकीकडे, बिया एकीकडे.
जाळ सगळा त्या गाभ्यात.
बी तिखट नसतं.
जीभ भाजलीच तर तो शेजार:
वाण नाही, गुण लागलेला.

बी म्हणजे ओल्या अंधारात टाकलेलं पोर.
पळायला पाय नाहीत, ओरडायला तोंड नाही,
आणि आजूबाजूची माती बुरशीनं भरलेली, उपाशी.
आईनं तेवढी एक माळ दिलेली असते मुठीत.
पन्नासेक मणी,
चार ठिकाणी स्वतःशीच टाचून आवळलेले,
उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत.
उकळून पाहिलंय आम्ही.

ही माळ धन, बुरशीचं कातडं ऋण.
ओढ तिथूनच सुरू होते.
मग ती चिकटते, चाचपते,
त्या कातड्यातली नेमकी एक चरबी ओळखते,
आणि भोक पडतं.
आतलं मीठ बाहेर, बाहेरचं पाणी आत,
घर आपल्याच धुरात कोंडतं.
माणसाच्या पेशीची चरबी वेगळी,
तिच्या दारावरून माळ पुढं जाते, बहुतेक.
"बहुतेक" हा शब्द माझा नाही.
प्राध्यापक बाई तो पानोपानी घालतात, लाल शाईनं.

तुझी गोष्ट उसाच्या फडात सुरू झाली,
पेटवणाऱ्यानं वारा पाहिला नाही तेव्हा.
एकतीस दिवस. मानेत नळी.
एकामागून एक प्रतिजैविकं, आणि आतडं
ओस पडलेल्या गावासारखं.
तेव्हा उठलं ते परकं नव्हतं.
जन्मापासून तुझ्या तोंडात राहत होतं, भाडं न देता,
भांडण न करता.
कुंपणानं शेत खायला घेतलं, रक्तापर्यंत गेलं.
आता रोज संध्याकाळी ती पिवळी बाटली लावतात,
तू पलंगासकट थरथरतोस,
सिस्टर मारिल्दा तीन चादरी टाकते
आणि मूत्रपिंडाचा आकडा माझ्यापासून लपवते.

सोमवारी इस्पितळातून नमुने आले.
नाव नसतं, क्रमांक असतो, तारीख असते.
शून्य चार एक सात.
त्या तारखेला त्या वॉर्डात
मी तुझा हात धरून बसले होते.

मी काहीच बोलले नाही.
ताटलीवर पसरलं, मधोमध थेंब सोडला,
दिवा मालवून घरी गेले, भात करपवला.

सकाळी साईसारख्या त्या पांढऱ्यात
एक स्वच्छ गोल होता, नखाएवढा.
भिंगाखाली पेशी लाल पेटलेल्या:
भोक पडल्याशिवाय तो रंग आत शिरत नाही.
म्हणजे काचेवर, अदाउतो,
तू मंगळवारी बरा झालास.

काचेपासून तुझ्या शिरेपर्यंत
उंदीर आहेत, ससे आहेत, तीन समित्या,
न आलेला निधी, दहा वर्षं, आणि कदाचित काहीच नाही.
कितीतरी गोल असे वहीत वाळून गेलेत.
मी ताटलीवर तारीख टाकली आणि शीतकपाटात ठेवली,
तुझ्यासारख्याच इतर अकरांच्या शेजारी.

रविवारी तुझ्या उशाशी वाकले
तर तू सटासट शिंकलास.
कितीही धुतले तरी हात सांगतातच.
मारिल्दाच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या, ती ओरडली,
आणि तू, महिन्यात पहिल्यांदा, डोळे पुसत विचारलंस:
"आणलीस का? इथला घेवडा गिळवत नाही गं."

आणली होती.
पिशवीत तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून,
व्हिनेगरातल्या मालागेताची छोटी बाटली.
ती जाईपर्यंत आपण दोघं गप्प.
बिया हलल्या, आणि पुन्हा खाली बसल्या.